८४ तास : सर्दीपासून अंधत्वापर्यंत

पुढचा घटनाक्रम कोणा एका मुलाचा नाही. डोळ्याच्या खोबणीत जंतुसंसर्ग शिरतो, तिथलं रक्त मागे वाहून नेणाऱ्या शिरेत गुठळी धरते, आणि एक-दोन दिवसांत दृष्टी जाते, प्रसंगी जीवही. हा क्रम डॉक्टरांना पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे. इथे तो कर्जत-खालापूरकडच्या एका घरात, तिथल्या रस्त्यांवर आणि दवाखान्यांच्या वेळांवर मांडला आहे. मुलगा कल्पनेतला आहे, आजार खरा आहे. वेग रुग्णागणिक बदलतो. कोणाला आठवडा लागतो, कोणाला दोन-तीन दिवस पुरतात.

हा आजार क्वचितच होतो. पण झाला तर शेवटच्या तासाला डॉक्टरांच्या हाती फारसं काही उरत नाही. जे करता येतं ते आधीच्या तासांत, आणि त्यातलं बरंचसं घरातल्या माणसांनी डोळे उघडे ठेवून बघण्यावर अवलंबून असतं. म्हणून उरलेले तास मोजत जाऊ.

गुरुवार, रात्री ९ : ८४ तास उरले

सप्टेंबर महिना. भात पोटरीला आलंय, पाऊस अजून हटलेला नाही. बारा वर्षांच्या मुलाला सहा दिवसांपासून सर्दी आहे. परवा जरा बरं वाटलं म्हणून शाळेतही जाऊन आला. आज संध्याकाळी पुन्हा ताप चढला, १०१. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड, दोन डोळ्यांच्या मधोमध ठणका, खाली वाकलं की डोकं जड. आईने कपाळाला बाम चोळला, पॅरासिटामॉलची गोळी दिली आणि त्याला निजवलं.

साधी सर्दी आठ-दहा दिवसांत हळूहळू ओसरते. ओसरत आलेली सर्दी उलटली, ताप नव्याने चढला आणि शेंबूड घट्ट झाला, तर सायनसमध्ये जंतूंनी ठाण मांडलं असण्याची शक्यता असते. नाकाच्या मुळाशी, दोन डोळ्यांच्या मधल्या हाडात हवेचे लहान लहान कप्पे असतात. त्यांना एथमॉइड सायनस म्हणतात. सर्दीने त्यांची तोंडं सुजून बंद झाली की आतला स्राव बाहेर पडत नाही आणि त्याचा पू होतो. या कप्प्यांच्या आणि डोळ्याच्या खोबणीच्या मधे हाडाची जी भिंत आहे, ती अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ असते. तिच्यात शिरा आणि मज्जातंतू जाण्यासाठी नैसर्गिक छिद्रंही असतात. लहान मुलांमध्ये डोळ्याच्या खोबणीतल्या जंतुसंसर्गाचा उगम बहुतेक वेळा याच भिंतीपलीकडे सापडतो.

शुक्रवार, सकाळी ७ : ७४ तास उरले

डाव्या डोळ्याची वरची पापणी सुजली आहे, लालसर झाली आहे. नाकाकडच्या कोपऱ्यात सूज जास्त. आजी म्हणते, रात्री काहीतरी चावलं असेल. वडील म्हणतात, डोळे आलेत. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळ्यांची साथ आली होती, घरटी एक-दोघांचे डोळे लाल झाले होते आणि चार-आठ दिवसांत आपोआप बरेही झाले होते. तोच अनुभव मनात असतो.

पण दोन्हींतला फरक घरीही कळू शकतो. डोळे येतात तेव्हा पांढरा भाग लाल होतो, चिपडं येतात, सकाळी पापण्या चिकटतात आणि बहुधा एकापाठोपाठ दोन्ही डोळे येतात. चिपडं पुसली की दिसतं नीट. इथे चिपडं फारशी नाहीत, एकच बाजू सुजली आहे, पापणी दाबली तर दुखते आणि अंगात ताप आहे.

या घडीला संसर्ग पापणीतच आहे. पापणीच्या आत एक तंतुमय पडदा असतो, तो पापणीला खोबणीपासून वेगळं ठेवतो. जंतू पडद्याच्या अलीकडे आहेत तोवर आजार आटोक्यात असतो. डॉक्टरांनी तपासून पोटातून अँटिबायोटिक दिलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पाहिलं, तर अशी बहुतेक मुलं बरी होतात. प्राथमिक आरोग्य केंद्रात आज शुक्रवारी डॉक्टर आहेत, ओपीडी चालू आहे. पण घरी ठरतं, उद्यापर्यंत वाट बघू.

शुक्रवार, संध्याकाळी ६ : ६३ तास उरले

वडील कामावरून येताना मेडिकलमधून डोळ्यांचे ड्रॉप आणतात. चिठ्ठी कोणी मागत नाही. अशा ड्रॉपमध्ये कित्येकदा स्टेरॉइड मिसळलेलं असतं. त्याने लाली कमी होते, घरच्यांना बरं वाटतं, पण जंतूंशी लढणारी शरीराची ताकद मात्र त्याच जागी मंदावते. बाटलीतला थेंब बुबुळावर पडतो. पू आहे हाडापलीकडे. तो थेंब तिथवर पोचतच नाही.

कुठे गरम फडक्याचा शेक दिला जातो, कुठे कोथिंबिरीचा रस घालतात, कुठे दूध. कोणी आधीच्या आजारातल्या उरलेल्या दोन कॅप्सूल देऊन बघतं. यांतलं काहीच सायनसमधला पू कमी करत नाही. अर्धवट अँटिबायोटिकने उलट लक्षणं झाकली जातात आणि पुढे जंतू कोणता हे तपासणीत सापडणं अवघड होतं. गोळीने ताप दोन-तीन तास उतरतो. मुलगा उठून चहा-बिस्किट खातो. घर निर्धास्त होतं.

शनिवार, दुपारी १२ : ४५ तास उरले

पापणी सुजून मिटली आहे. डोळा दिसतच नाही, म्हणून तो कोणी बघतही नाही. या घटनाक्रमातली सगळ्यात मोठी चूक इथे होते.

डोळा उघडून बघायला हवा. हात साबणाने धुवावेत. अंगठा भुवईखालच्या हाडावर टेकवून पापणी अलगद वर घ्यावी, बुबुळावर जराही दाब देऊ नये. मग मुलाला सांगावं, मान न हलवता माझ्या बोटाकडे बघ. बोट वर न्यावं, खाली आणावं, डावीकडे, उजवीकडे. दोन्ही डोळे बरोबरीने फिरतात का? सुजलेला डोळा मधेच अडतो का? फिरवताना आत, खोल कुठेतरी दुखतं का? एकाचे दोन दिसतात का?

आज मुलगा वर बघताना कळवळतो. म्हणजे जंतूंनी पडदा ओलांडला. मोठ्या माणसाच्या डोळ्याची खोबण साधारण ३० मिलिलिटरची, चहाच्या लहान पेल्यापेक्षाही कमी. मुलाची त्याहून लहान. तेवढ्यात डोळा, त्याला फिरवणारे सहा स्नायू, चरबी, शिरा, धमन्या आणि मेंदूकडे जाणारी दृष्टीची नस. चारही बाजूंनी हाड, मोकळं फक्त पुढे. आत सूज आली की ती जाणार कुठे? स्नायू दाबले जातात, म्हणून डोळा फिरवला की दुखतो.

डॉ. चँडलर आणि सहकाऱ्यांनी १९७० साली या आजाराच्या पाच पायऱ्या मांडल्या. पहिली, पापणीची सूज. दुसरी, खोबणीतला दाह. तिसरी, हाडालगत साठलेला पू. चौथी, खोबणीतच झालेलं गळू. पाचवी, मेंदूच्या तळाशी असलेल्या कॅव्हर्नस सायनसमध्ये गुठळी. डॉक्टर आजही हीच वर्गवारी वापरतात. पायऱ्या याच क्रमाने चढल्या जातील असं नाही. आजार मधली पायरी गाळूनही वर जातो.

मुलगा आता दुसऱ्या पायरीवर आहे, आणि घरच्या उपचारांची हद्द इथे संपली. त्याला भरती करून शिरेतून अँटिबायोटिक सुरू व्हायला हवं. कशेळे आणि चौक इथे ग्रामीण रुग्णालयं आहेत, कर्जतला उपजिल्हा रुग्णालय आहे. तिथे पोचल्यावर सांगायचं वाक्य एकच: "ताप आहे, एका डोळ्याला सूज आहे आणि डोळा फिरवताना दुखतंय." नुसतं "डोळा सुजलाय" म्हटलं की केसपेपर डोळे आलेल्यांच्या रांगेत जाऊन पडतो.

शनिवार, रात्री ९ : ३६ तास उरले

मुलाला खुर्चीवर बसवून मागे उभं राहावं आणि त्याच्या कपाळावरून खाली बघावं. डावा डोळा उजव्यापेक्षा पुढे आलेला दिसतो. समोरून सुजेत जे लपतं ते वरून बघताना कळतं.

आता आणखी एक तपासणी, तीही घरातल्या घरात होणारी. लाल रंगाची एखादी वस्तू घ्या, बाटलीचं झाकण किंवा कुंकवाची डबी. आधी चांगल्या डोळ्याने दाखवा, मग सुजलेल्या. सुजलेल्या डोळ्याला तोच लाल रंग मळका, तपकिरी दिसत असेल तर दृष्टीच्या नसेवर ताण आला आहे. अक्षरं पुसट होण्याच्या आधी बऱ्याचदा रंग फिका पडतो.

आत, नाकाकडच्या हाडाच्या आवरणाखाली पू साठला आहे. तो डोळ्याला पुढे आणि बाहेरच्या बाजूला ढकलतो आहे. या अवस्थेत शिरेत औषध सोडून काढलेला सीटी स्कॅन लागतो. पू कुठे आहे, किती आहे आणि शिरा मोकळ्या आहेत की नाहीत, हे त्यावर कळतं. गळू मोठं असेल किंवा दृष्टी कमी होत असेल, तर नाक-कान-घशाचे सर्जन नाकातून दुर्बीण घालून पूला वाट करून देतात. बाहेरून टाकाही लागत नाही. पू निघाला की दाब उतरतो आणि पुष्कळ मुलांची दृष्टी वाचते.

घरी ठरतं, उद्या रविवार. डॉक्टर भेटणार नाहीत. सोमवारी जाऊ.

रविवार, पहाटे ५ : २८ तास उरले

या सुमारास डोळ्यातल्या शिरेत गुठळी धरते. ती धरते तेव्हा बाहेरून काही वेगळं दिसत नाही.

डोळ्याच्या वरच्या आतल्या कोपऱ्यात, नाकाच्या मुळाजवळ, चेहऱ्याच्या आणि कपाळाच्या शिरा एकत्र येतात आणि वरची नेत्रशीर तयार होते. जेमतेम दोन-तीन मिलिमीटर जाडीची ही शीर दृष्टीच्या नसेवरून मागे जाते, खोबणीच्या तळाशी असलेल्या फटीतून कवटीत शिरते आणि कॅव्हर्नस सायनसमध्ये रिती होते. डोळ्यातलं बरंचसं रक्त याच वाटेने परत जातं. पायांच्या शिरांत झडपा रक्ताला उलटं वाहू देत नाहीत. इथे तसा पक्का बंदोबस्त नाही, दाबाप्रमाणे रक्त दोन्ही दिशांनी जाऊ शकतं.

शिरेत गुठळी का होते, याची तीन कारणं एकोणिसाव्या शतकातले जर्मन वैद्य रुडॉल्फ फिर्खो यांच्या नावाने वैद्यकशास्त्रात शिकवली जातात: रक्ताचा वेग मंदावणं, शिरेच्या अस्तराला इजा होणं, आणि रक्ताची साकळण्याची प्रवृत्ती वाढणं. खोबणीत जंतुसंसर्ग झाला की तिन्ही एकदम हजर होतात. सुजेने शीर दाबली गेली, जंतूंच्या विषाने तिचं अस्तर सोललं, तापाने आणि दाहाने रक्त साकळायला टेकलं. त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस नावाचा जंतू, जो अशा रुग्णांत सर्वाधिक सापडतो, तो रक्त गोठवणारं कोअॅग्युलेज हे द्रव्य स्वतःच तयार करतो. त्याने बनवलेल्या गुठळीत तोच दडून बसतो. शरीराच्या पांढऱ्या पेशी आणि औषध त्याच्यापर्यंत सहज पोचत नाहीत. गुठळीचे जंतूंनी भरलेले तुकडे रक्तासोबत पुढे सरकतात, कधी फुप्फुसांपर्यंतही जातात.

खंडाळ्याच्या घाटात एक ट्रेलर आडवा झाला की गाड्यांची रांग खाली खालापूर टोलनाक्याकडे वाढत येते. नेत्रशीर तुंबली की तसंच होतं. धमनी रक्त आत आणतच राहते, बाहेर जायची वाट बंद. डोळ्याचा पांढरा भाग पाण्याने फुगून जेलीसारखा पापण्यांच्या मधून बाहेर डोकावतो, त्यावरच्या शिरा तट्ट फुगतात. सीटीवर एका बाजूची नेत्रशीर दुसरीपेक्षा जाड दिसते आणि औषध तिच्यात भरत नाही. त्या एका चित्रावरून निदान होतं, पण चित्र काढायला रुग्ण तिथे असायला हवा.

याच शिरेत शिरायची दुसरी वाट नाकावरच्या केसतोडातून जाते. ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांपासून नाकाच्या मुळापर्यंतच्या त्रिकोणातलं रक्त याच शिरांकडे वळू शकतं. नाकात किंवा वरच्या ओठावर केसतोड झालं तर ते पिळू नये, देठ काढायला सुई टोचू नये. पिळताना पू जितका बाहेर येतो तितकाच आत ढकलला जाऊ शकतो. मधुमेह असलेल्यांनी तर त्याला हातही लावू नये, सरळ डॉक्टरांना दाखवावं.

रविवार, दुपारी १ : २० तास उरले

मुलगा अंधाऱ्या खोलीत पडून आहे. उजेड सोसवत नाही, डोकं फुटतंय म्हणतो. दोनदा उलटी झाली. ताप आता गोळीनेही उतरत नाही. अखेर घर हलतं.

या तालुक्यांत कुठेही जायचं म्हणजे अंतर आलं. जिल्ह्याचं ठिकाण अलिबाग खोपोली-पेणवरून गाठावं लागतं. पनवेल चौकमार्गे त्यापेक्षा जवळ. लोकलने मुंबई गाठायची तर कर्जत ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस १०० किलोमीटर, दोन तासांच्या वर, आणि रविवारी मेगाब्लॉक असला तर त्याहून जास्त. खोपोलीकडच्या माणसाला त्याआधी शाखामार्गावरच्या गाडीसाठी थांबावं लागतं, तिथे गाड्या मोजक्याच. डोंगरातल्या ठाकूर-कातकरी वाड्यांपैकी काही ठिकाणी आजही गाडी पोचत नाही. रुग्णाला झोळीत घालून पायवाटेने खाली आणावं लागतं आणि घड्याळ तिथूनच चालू होतं.

मग एकेक पायरी: आरोग्य केंद्र, तिथून ग्रामीण रुग्णालय, तिथून उपजिल्हा, तिथून जिल्हा किंवा मुंबई. प्रत्येक ठिकाणी केसपेपर, थांबणं, पुढची चिठ्ठी, पुन्हा गाडीची शोधाशोध. एकेका पायरीवर तास-दोन तास जातात. या आजारात तेवढे शिल्लक नसतात.

रविवारी ओपीडी बंद असते, पण सरकारी रुग्णालयाचा अपघात विभाग बंद नसतो. १०८ला फोन केला की रुग्णवाहिका मोफत येते. पहिल्याच रुग्णालयात दोन गोष्टी मागाव्यात. एक, पुढच्या प्रवासाला निघण्याआधी अँटिबायोटिकचा पहिला डोस शिरेतून, आणि शक्य असल्यास त्याआधी तपासणीसाठी रक्त काढून ठेवणं. दोन, थेट अशा ठिकाणची चिठ्ठी, जिथे डोळ्यांचे डॉक्टर, नाक-कान-घशाचे सर्जन, सीटी आणि अतिदक्षता विभाग एकाच आवारात आहेत. निघण्याआधी तिथे डॉक्टरांनी डॉक्टरांशी फोनवर बोलून घ्यावं. सीटी यंत्र बंद आहे हे तिथे पोचल्यावर कळणं रुग्णाला परवडत नाही.

रविवार, रात्री ११ : १० तास उरले

या पायऱ्या चढण्यातच दिवस गेला. हुडहुडी भरते. पांघरुणं घातली तरी मुलगा थडथडतो. बोलावलं तर ओ देतो आणि लगेच झोपेत जातो. डावा डोळा बाहेरच्या बाजूला, कानाकडे, अजिबात वळत नाही.

गुठळी नेत्रशिरेतून मागे सरकून कॅव्हर्नस सायनसमध्ये पोचली आहे. मेंदूच्या तळाशी, पिट्युटरी ग्रंथीच्या दोन्ही बाजूंना अशी एकेक रक्तपोकळी असते. मेंदूला रक्त नेणारी मुख्य धमनी तिच्यातून जाते. डोळ्याला बाहेर वळवणारी सहावी नस याच पोकळीच्या मधून जाते, म्हणून पहिला फटका बहुधा तिला बसतो. पापणी उचलणाऱ्या, डोळा बाकीच्या दिशांनी फिरवणाऱ्या आणि कपाळाला स्पर्श कळवणाऱ्या नसा पोकळीच्या भिंतीत असतात. एकामागून एक त्या बंद पडतात. डोळा एका जागी थिजतो, बाहुली मोठी होते, कपाळ बधिर पडतं.

सोमवार, पहाटे ४ : ५ तास उरले

उजवी पापणी सुजली आहे. चांगला डोळाही पुढे येऊ लागला आहे.

दोन्ही बाजूंच्या पोकळ्या एकमेकींना शिरांनी जोडलेल्या असतात. एका बाजूची गुठळी दुसरीकडे पोचायला बऱ्याचदा एक-दोन दिवस पुरतात. एका डोळ्यात सुरू झालेला आजार दुसऱ्यात दिसू लागला, तर कॅव्हर्नस सायनसमध्ये गुठळी झाल्याची ती मोठी खूण आहे. यापुढे मेंदूच्या आवरणाला सूज, मेंदूत गळू, धमनी बंद पडून अर्धांगवायू, असं काहीही होऊ शकतं.

सोमवार, सकाळी ९ : ० तास

डॉक्टर डाव्या डोळ्यावर टॉर्च मारतात. बाहुली हलत नाही. उजेड दिसतो का विचारलं तर मुलगा नाही म्हणतो.

खोबणीतला दाब इतका चढतो की दृष्टिपटलाला रक्त पोचवणारी धमनीच बंद पडते, किंवा दृष्टीची नस रक्ताविना मरते. दृष्टिपटल रक्ताशिवाय किती वेळ तग धरतं, हे भारतीय वंशाचे नेत्रतज्ज्ञ सोहनसिंग हायरे यांनी माकडांवरच्या प्रयोगांत तपासलं. सुमारे ९७ मिनिटांपर्यंत ते सावरू शकतं; ४ तासांनी झालेलं नुकसान भरून येत नाही. गुरुवारी रात्री हातात ८४ तास होते.

त्यानंतर

जीव वाचवण्याची लढाई अतिदक्षता विभागात सुरू होते. शिरेतून एकाहून अधिक अँटिबायोटिक, तीही तीन-चार आठवडे किंवा त्याहून जास्त. सायनसमधला आणि खोबणीतला पू शस्त्रक्रियेने काढणं. गुठळी वाढू नये म्हणून हेपॅरिनसारखं रक्त पातळ ठेवणारं औषध द्यावं का, याविषयी डॉक्टरांत आजही एकमत नाही. आजार विरळा असल्याने मोठ्या चाचण्या झालेल्या नाहीत. मेंदूत रक्तस्राव नाही ना हे पाहून रुग्णागणिक निर्णय घेतला जातो. अँटिबायोटिक येण्यापूर्वी कॅव्हर्नस सायनसमधल्या गुठळीतून जवळजवळ कोणीच वाचत नसे. आज साधारण २० ते ३० टक्के रुग्ण दगावतात. वाचलेल्यांतल्या कित्येकांची दृष्टी किंवा डोळ्याची हालचाल अधू राहते.

औषध वेळेवर आणि पुरेसं मिळण्याने काय फरक पडतो, हे १९४१ साली ऑक्सफर्डमध्ये जगाने पाहिलं. अल्बर्ट अलेक्झांडर या ४३ वर्षांच्या पोलीस शिपायाच्या चेहऱ्यावरचा जंतुसंसर्ग डोळ्यांत आणि फुप्फुसांत पसरला होता, एक डोळा काढावा लागला होता. १२ फेब्रुवारीला त्यांना पेनिसिलिन टोचलं. एका दिवसात ताप उतरू लागला, चेहऱ्याची सूज कमी झाली. पण औषध अगदी थोडं होतं. ते वाया जाऊ नये म्हणून त्यांच्या लघवीतून पेनिसिलिन वेगळं काढून पुन्हा टोचलं, तरी पाच दिवसांत साठा संपला. आजार उलटला आणि १५ मार्चला अलेक्झांडर गेले. आज अँटिबायोटिक आपल्या आरोग्य केंद्राच्या कपाटात असतं. ते रुग्णापर्यंत पोचायला मधे फक्त आपला निर्णय हवा असतो.

महाराष्ट्राने याच शिरा आणि याच खोबणीची किंमत २०२१ च्या उन्हाळ्यात मोजली. करोनाच्या दुसऱ्या लाटेत, मधुमेह बळावलेल्या आणि स्टेरॉइड घेतलेल्या रुग्णांत म्युकरमायकोसिस पसरला. ही बुरशी नाकातून सायनसमध्ये, तिथून डोळ्याच्या खोबणीत शिरते, रक्तवाहिन्यांच्या भिंती पोखरते आणि आत गुठळ्या करते. रक्त थांबलं की तिथलं मांस काळं पडतं. मे महिन्याच्या मध्याला तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे राज्यात दोन हजारांवर रुग्ण असल्याचं सांगत होते. २० मे रोजी केंद्राने या आजाराची नोंद बंधनकारक करा, असं राज्यांना कळवलं. अॅम्फोटेरिसिन बी या इंजेक्शनसाठी नातेवाईक गावोगाव फिरले. राज्याने महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मोफत केले. जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून अधिक रुग्ण नोंदले गेले, त्यांत महाराष्ट्रातले ९ हजारांवर. जीव वाचवण्यासाठी कित्येकांचे डोळे काढावे लागले.

त्या वेळी वर्तमानपत्रांनी, टीव्हीने आणि आशा ताईंनी घरोघरी लक्षणं पोचवली: गाल दुखणं, नाकातून काळा स्राव, पापणी पडणं, एकाचे दोन दिसणं. लोक ती तपासायला शिकले आणि लवकर आलेल्यांचे डोळे वाचले. जंतूंमुळे होणाऱ्या या आजाराची लक्षणंही तितकीच सोपी आहेत. ती शाळेच्या फळ्यावर, आरोग्य केंद्राच्या भिंतीवर आणि मेडिकलच्या काउंटरवर लिहिता येतील. कर्जत-खालापूरच्या प्रत्येक ग्रामसभेने ती लिहून घ्यावीत. आणि ज्यांच्या हाती जिल्ह्याची आरोग्यव्यवस्था आहे त्यांनी एवढी सोय तरी करावी की रविवारी रात्री डोळा आणि ताप घेऊन आलेल्या मुलाला पहिला डोस तिथेच मिळेल आणि पुढची रुग्णवाहिका लगेच सुटेल.

घरच्यांनी सुजेच्या आकारावर जाऊ नये. पापणी वर घेऊन चार गोष्टी बघाव्यात: डोळा सगळीकडे फिरतो का, फिरवताना दुखतो का, पुढे आला आहे का, आणि दिसणं किंवा लाल रंग फिका पडला आहे का. ताप आणि एका डोळ्याची सूज यांच्या जोडीला यांतली एक जरी गोष्ट असली, तर मेडिकलच्या ड्रॉपवर वेळ घालवू नका, सोमवारची वाट बघू नका. १०८ लावा आणि त्याच रात्री निघा.